रस्त्यावरची हळद

माझ्या दुकानातल्या टेपने मी जेवढी ताडपत्री मोजली, जवळपास तेवढाच हायवेही मोजला आहे. दुकान जामच्या चौकाच्या थोडं अलीकडे, नागपूर-हैदराबाद रस्त्याकडे तोंड करून आहे. ट्रकवाल्यांना लागणारे दोर, ताडपत्र्या, साखळ्या, हूक असा माल मी विकतो. रस्त्यावर अपघात झाला की पोलिसांना एक लांब टेप लागते आणि पंच लागतात. माझ्याकडे टेप होती, आणि दुकान टाकून मी पळून जाऊ शकत नव्हतो.

पंच म्हणजे पोलीस जागेवर जो पंचनामा करतात त्यावर सही करणारा साक्षीदार. हे काम कोणालाच नको असतं. पुढे कोर्टाच्या चकरा मागे लागतात. त्यामुळे हवालदाराची गाडी दिसली की आमच्या चौकात शटरं खाली यायची. मी दुकान नवं असताना एकदा भिडेपोटी हो म्हटलं आणि कायमचा अडकलो. हवालदाराला माझं अक्षर आवडलं. तेव्हापासून तो तोंडाने सांगायचा आणि मी लिहायचो. टेपचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी.

पहिल्या पंचनाम्यानंतर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पुढे सवय झाली. चाक घासल्याची खूण इतके मीटर, चप्पल एक, डाव्या पायाची, असं लिहायचं, सही ठोकायची, हात धुवायचे आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला दोर मोजून द्यायचा. बायको म्हणायची, "तुमाले काईच कसं वाटत नाई?" मी म्हणायचो, वाटून घेतलं तर दुकान कोण चालवेल. हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं.

तेव्हाचे अपघात गोंगाटाचे असायचे. आमच्याकडे दुभाजकातून वळायची जागा बरीच दूर आहे, म्हणून गावातली माणसं सरळ उलट्या बाजूने गाडी घालतात. दर आठवड्याला कोणाचा तरी हात मोडायचा, कोणाचं डोकं फुटायचं. लगेच गर्दी जमायची. पडलेला माणूस रक्त पुसत ड्रायव्हरला शिव्या देत असायचा, आणि पाच-सहा जण त्याला उचलून ऑटोत घालायचे. मरणारेही होते, नाही असं नाही. पण बहुतेक जण लंगडत का होईना घरी जायचे, आणि महिनाभराने माझ्या दुकानासमोरून जाताना हात करायचे.

मग त्या मार्चमध्ये सगळं बंद झालं.

आधी आवाज गेला. ज्याचं उभं आयुष्य हायवेच्या काठावर गेलंय त्यालाच हे कळेल. दुपारी दुकानाच्या ओट्यावर बसलो तर पलीकडच्या शेतातल्या पंपाचा आवाज यायचा. चौकात पोलीस उभे होते, माझं शटर बंद होतं. पहिले काही दिवस रस्त्याकडे जायची कोणाची हिंमत झाली नाही. मग कुत्री आली. त्यांच्यामागून गाईढोरं येऊन डांबरावर बसली, आणि मग संध्याकाळी हळूहळू माणसं. गावातल्या बाया दुभाजकावर बसून गप्पा मारायला लागल्या. मी त्या रस्त्याच्या मधोमध आजवर उभा राहिलो होतो तो फक्त टेप धरून, शेजारी कोणीतरी चादरीखाली पडलेलं असताना. नुसताच उभा राहिलो तो त्या वर्षी.

त्याच रस्त्याने हैदराबादकडून मजूर पायी येत होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. आम्ही त्यांना पाणी दिलं, भाकरी दिल्या, पण सगळं लांबून. रस्त्याच्या कडेला ठेवायचं आणि मागे सरायचं. भीती होती, खोटं कशाला बोलू. त्यांची तोंडं मला आठवत नाहीत. पाय आठवतात.

माझं शेत गावाजवळ हायवेला लागून आहे आणि त्यात त्या वर्षी हळद होती. हळद काढली की शिजवावी लागते आणि मग पंधरा-वीस दिवस उन्हात वाळवावी लागते. आमचं खळं लहान. समोर मात्र काळंभोर, तापलेलं, रिकामं डांबर मैलोन्‌मैल पसरलेलं. कल्पना माझीच होती. बायको आधी नको म्हणाली, मग तिनेच पहिलं टोपलं ओतलं. आमच्या बाजूच्या कडेच्या लेनवर हळद पसरली आणि गाड्यांनी चुकवून जावं म्हणून तिच्या भोवती धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, काळे दगड आणून मांडले. दिवसातून तीनदा हळद हाताने परतायची. तेच हात लावून दगड सरकवायचे, पुन्हा मांडायचे. आठवड्याभरात आमचे हात, कपडे आणि ते सगळे दगड पिवळे झाले.

आमचं पाहून गावातल्या बाकीच्यांनीही माल आणला. कोणी गहू पसरला, कोणी मिरची. आमच्या हळदीला लागूनच दूधवाल्याच्या बायकोने डाळ करायची तूर भिजवून वाळत घातली, आणि तिनेही आमच्यासारखेच धुऱ्यावरून दगड आणून मांडले. आमच्या आणि तिच्या दगडांत फरक एवढाच की तिचे काळेच राहिले.

दूधवाला आमच्याच गावचा, माझ्या घरापासून तिसऱ्या दारचा. किडकिडीत माणूस, डोक्याला कायम दुपट्टा बांधलेला. गावातलं दूध गोळा करून मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून तो जामला नेऊन घालायचा. दुधाला परवानगी होती, म्हणून अख्ख्या बंदीत आमच्या रस्त्यावर रोज नेमाने फिरणारी गाडी त्याची एकट्याची. आमच्या दगडांजवळ आला की तो वेग कमी करायचा, दुपट्टा तोंडावर ओढायचा आणि म्हणायचा, "भाऊ, इथं येक टोलनाका लावून टाका ना! मी पयली पावती फाडतो." रोज तेच म्हणायचा, आणि मी रोज हसायचो. त्या दिवसांत हसायला दुसरं काही नव्हतं.

ट्रक अगदीच बंद नव्हते. औषधं, धान्य, ऑक्सिजनच्या टाक्या नेणारे अधूनमधून यायचे, आणि काय वेगाने यायचे! समोर दूरवर काही नाही म्हटल्यावर ड्रायव्हरचा पाय आपोआप दाबला जातो. ते लांबूनच दगड पाहून पलीकडच्या लेनने सुसाट निघून जायचे आणि आमच्या हळदीवर फक्त वारा यायचा. आम्हाला त्याचंही काही वाटेनासं झालं. रस्ता आपलाच आहे, ट्रक पाहुणे आहेत, अशी आमची समजूत झाली होती.

त्या दोन महिन्यांत पंचनाम्याला मला दोनदाच बोलावलं. अपघात कमी झाले होते हे खरं. पण जो पडायचा तो उठत नव्हता. एक पायी चाललेला मजूर होता, एक सायकलवाला. दोन्ही वेळा गर्दी नव्हती. लोक होते, पण लांब, तोंडाला रुमाल बांधून, माणसापेक्षा त्याच्या श्वासाला घाबरून. उचलायला कोणी पुढे होत नव्हतं. हवालदार टेपचं टोक धरायच्या आधी त्यावर सॅनिटायझर मारायचा आणि मी लिहून झाल्यावर पेन त्याला परत न देता रस्त्यावर ठेवायचो. आम्ही दोघं इतकी वर्षं सोबत हे काम करत होतो, पण त्या वेळी एकमेकांशी कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. घरी येऊन मी अंघोळ करायचो आणि जेवायचो. व्यवस्थित जेवायचो.

हळद वाळली, पोत्यांत भरली, घरी आली. दगड राहिले. ते मी लेनमधून सरकवून कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणून ठेवले होते, म्हणजे अर्धवट काढले होते. दूधवाल्याच्या बायकोनेही आपले तसेच ठेवले होते. धुऱ्यावर परत नेऊन टाकायला एका सकाळचं काम होतं. बायको दोनदा म्हणाली, "थे दगड उचलून घ्या ना." मी म्हटलं, "कायले? कोन येऊन राह्यलं तिकडं? बंदी त वाढवूनच राह्यले." खरंच वाढवत होते. एकदा, दोनदा, मग आम्ही मोजणं सोडलं. रस्ता पुन्हा पहिल्यासारखा होईल यावर आमच्यात कोणाचाच विश्वास राहिला नव्हता.

जूनमध्ये मोकळीक मिळाली आणि आठ दिवसांत रस्ता भरला. पण जो रस्ता परत आला तो पहिला नव्हता. रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवायची सवय लागलेले ड्रायव्हर भरल्या रस्त्यावरही तसेच पळत होते. ढोरं अजून डांबरावरच बसत होती. म्हातारी माणसं अजून मधूनच चालत होती. चौकात दर दोन दिवसांनी ब्रेक कर्कश वाजायचे आणि आम्ही मान वर करून पाहायचो. मी दुकान उघडलं होतं, टेप पुसून खिळ्याला टांगली होती.

त्या सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. माझ्या शेतासमोर रस्ता पांढरा दिसला. जवळ गेल्यावर कळलं की ते दूध आहे. एक कुत्रं ते चाटत होतं. गाड्या बाजूने निघून जात होत्या, थांबत कोणी नव्हतं. मोटारसायकल आडवी पडली होती, एक कॅन नालीत गेला होता, आणि दूधवाला कडेला पालथा पडला होता. दुपट्टा सुटला होता. मी त्याला सरळ केलं, नाकापाशी हात धरला, छातीला कान लावला. तो गेला होता. मी हवालदाराला फोन केला आणि वाट पाहत उभा राहिलो.

मला रस्त्यावरच्या खुणा वाचता येतात. नको असलं तरी येतात. एक जड गाडी मागून आली होती, उजवीकडून पुढे काढताना डावीकडे दाबली होती, तिचे काळे पट्टे स्पष्ट होते, आणि ती थांबली नव्हती. दूधवाल्याने तिला जागा द्यायला आपली गाडी पांढऱ्या पट्टीवर घेतली होती. त्याचा वेग जास्त नव्हता, चाकाची खूण ते सांगत होती. त्याने सगळं बरोबर केलं होतं. आणि पट्टीवर दगड होता.

दगड जागचा हलून हातभर पुढे गेला होता. त्यावर ताजा पांढरा ओरखडा होता. वरून तो इतर कोणत्याही दगडासारखाच काळा, कारण हळदीचा रंग उन्हाने उडतो. तो उलटला होता म्हणून मला खालची बाजू दिसली. ती पिवळी होती.

मी दोन्ही हातांनी तो दगड उचलला आणि नालीत टाकला. मग पट्टीवरचे बाकीचे दगडही एकेक करून टाकले, आमचे आणि दूधवाल्याच्या बायकोचेही. जे काम महिनाभर झालं नव्हतं ते मी पाच मिनिटांत केलं. त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काहीच चाललं नव्हतं. फक्त छाती धडधडत होती आणि ती दगडांच्या वजनाने धडधडते आहे असं मी समजलो.

हवालदार आला. त्याने गाडी पाहिली, बाजूला कुठे दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय का पाहिलं. धडकेची खूण नव्हती, आणि काळे पट्टे त्या रस्त्यावर रोजचेच होते. "कोनं पाह्यलं का, शेठ?"

"कोनंच नाई."

"रस्त्यात काई होतं? ढोर, कुत्रं, दगड-गोटा?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग सोताच पडला," तो म्हणाला. आम्ही टेप लावली. मी लिहीत गेलो. पंचनाम्यासोबतचा रिपोर्टही त्याने मलाच सांगितला, आणि त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: मृतक हा आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने व निष्काळजीपणे चालवून स्वतःच्या मरणास स्वतः कारणीभूत झाला. हे वाक्य मी पूर्वीही अनेकदा लिहिलं होतं. तेवढ्याच वळणदार अक्षरात याही वेळी लिहिलं. मातीला मी गेलो नाही. रोगाचं कारण सांगितलं, आणि त्या वर्षी ते कारण कोणीही ऐकून घ्यायचं.

महिन्याभराने दूधवाल्याची बायको दुकानात आली. पोलिसांकडून मिळालेले कागद तिने एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले होते. तिला वाचता येत नाही. "भाऊजी, वाचून दाखवा," म्हणाली. मीच लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याशी ती थांबली.

"म्हंजे त्याइचीच चूक?"

"कागदाची भाषा तशीच रायते, वहिनी. मनाले लावून घेऊ नका."

"पन लिवलं त तेच ना? त्याइचीच चूक म्हणून." मी मान हलवली. मग तिने विचारलं, "तुमी पंच होते. तिथं दगड होता का?"

मी खिळ्याला टांगलेल्या टेपकडे पाहिलं. "नाई, वहिनी. काईच नोतं."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, हिला कळलं. पण ती फक्त "बरं" म्हणाली, कागद पिशवीत घातले आणि गेली.

दुधाचं काम तिने उचललं. सुरुवातीला डोक्यावर घेऊन चालत जायची, मग एक जुनी मोपेड घेतली आणि गावच्या मैदानात पडत-धडपडत शिकली. पन्नाशीची बाई. आमच्या गावात तोवर एकाही बाईने दूध घातलं नव्हतं, म्हणून सुरुवातीला लोक हसले, मग विसरले. ती पांढऱ्या पट्टीला धरून अगदी हळू जायची. जामला जाता जाता रोज सकाळी माझ्या दुकानात चहाचं दूध घालायची. माप भरून ओतायची, आणि मग छोट्या मापाने आणखी वर थोडं. रोज. दूधवाले थोडं वरचं घालतातच, पण हे चांगलं पेलाभर असायचं. बायको एकदा म्हणाली, "थे सगळ्याइले नाई घालत इतकं. आपल्यालेच काऊन?" मी म्हटलं, असेल जुन्या शेजाराचं. त्या दुधाचा चहा मी इतकी वर्षं प्यालो.

दरम्यान दुसरी लाट आली. तेव्हा रस्ता बंद नव्हता, पण दिवसभर नुसत्या रुग्णवाहिका नागपूरकडे जायच्या आणि काही तशाच सायरन न वाजवता परत यायच्या. माझा चुलतभाऊ त्यातल्या एकीतून गेला तो गेलाच. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. आत जे काही असतं ते मी त्या नालीत टाकून आलो होतो, आणि मला त्याची कमतरताही जाणवत नव्हती. तेवढं एक झालं की पंच व्हायला मी नकार द्यायला लागलो. नवा हवालदार आला, मीही इतरांसारखं शटर खाली ओढायला शिकलो. पुढे सगळं पूर्ववत झालं असं म्हणतात. हळद आता मी लावत नाही. त्या शेतात कापूस असतो. कापूस वाळवायला रस्ता लागत नाही.

यंदा उन्हाळ्यात दूधवाल्याच्या बायकोने घरच्या म्हशी विकल्या. लेक देवळीकडे दिलेली आहे, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी ती नेहमीच्याच वेळी आली. मी भांडं पुढे केलं. तिने माप ओतलं, वरचं ओतलं, आणि कॅनचं झाकण न लावता तशीच उभी राहिली.

"भाऊजी, येक गोष्ट मनात राह्यली. जाता जाता बोलून टाकते."

"बोला ना."

"मिस्त्रीनं त्याइची गाडी सुधरवली तवाच मले सांगतलं होतं. समोरची रिम दगडानं वाकली म्हणे. मी तुमाले इचारलं, तुमी नाई म्हणलं. मी तवाच समजली." तिने पदराने कपाळ पुसलं. "थो माह्या तुरीचा दगड होता. मीच नाई उचलला. आज उचलते, उद्या उचलते, करत राह्यली. तुमी पाह्यला असन आन्‌ टाकून देल्ला. कागदावर नाई येऊ देल्ला. गावाले कळलं असतं त मले जगू देल्लं नसतं कोनी. रोज तिथून जाते, भाऊजी, आन्‌ रोज वाटते, मीच मारलं त्याइले. पन निदान तुमच्यामुळं गावात तोंड दाखवता आलं. तुमचे उपकार हायेत."

त्या वरच्या दुधाचा अर्थ मला तेव्हा कळला.

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. त्यात मी तरबेज झालो होतो. ती दुपारच्या गाडीने जाणार होती. माझे उपकार आणि स्वतःचा दगड घेऊन ती देवळीला गेली असती, आणि मी तिच्याच दुधाचा चहा टाकला असता. रस्त्यावरून एकामागून एक ट्रक जात होते. मला काय होतंय हे ओळखायला मला वेळ लागला. लाज होती. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "थो दगड तुमचा नोता. माहा होता. हळदीचा. खालून पिवळा होता. मी पाह्यला आन्‌ मीच नालीत टाकला. तुमच्यासाठी नाई टाकला. माह्यासाठी टाकला."

ती ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसली. एक गिऱ्हाईक आलं, आमच्याकडे पाहून परत गेलं. ती मला शिव्या देईल, कॅन फेकून मारेल असं मला वाटत होतं. मारला असता तर बरं झालं असतं.

"थे जोरात होते का?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाई. हळू होता. ट्रकले जागा देल्ली त्यानं. त्याची कायचीच चूक नोती."

तिने कापडी पिशवीतून ती जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. लेकीकडे न्यायच्या सामानात ते कागद होते. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मंग यात तसं लिवा."

"हा पोलिसायचा कागद हाय. यात नाई लिवता येत."

"मंग दुसऱ्यावर लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणतेत."

मी बिलबुकातला एक कोरा कागद फाडला. मला दुसरी कोणती भाषा येत नव्हती म्हणून त्याच भाषेत लिहिलं. झाल्यावर ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा," म्हणून मोठ्याने वाचलं. सदर ठिकाणी रस्त्याच्या डाव्या कडेला पांढऱ्या पट्टीवर एक दगड मिळून आला. सदर दगडाची खालची बाजू पिवळी होती. मृतक हा आपल्या बाजूने हळू चालला होता. सदर दगड माझा आहे. मृतक हा स्वतःच्या मरणास कारणीभूत नाही.

"सही."

मी सही केली.

"दोन पंच लागतेत ना?" ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिने दुकानाच्या शिक्क्याचं पॅड ओढलं, अंगठा टेकवला आणि माझ्या सहीखाली उठवला. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि पोलिसांच्या कागदांवर ठेवून पिशवीची गाठ मारली.

मग तिने माझ्या भांड्यात छोटं माप बुडवलं, वरचं तेवढं दूध काढून परत कॅनमध्ये ओतलं, झाकण लावलं आणि गेली.